‘एमईटी’ने आरंभ होणारे इंग्रजी शब्द

इंग्रजी भाषेत एम, ई, टी या तीन अक्षरांनी सुरू होणारे अनेक शब्द आहेत. मेट्रो, मीटर, मेट्रिक, मेटल, मेथड, मेटाफर, मिटिऑर, मिथेन ही त्यांपैकी मराठी वाचकाच्या परिचयाची काही उदाहरणे होत. या शब्दांचा आरंभ लिहिताना सारखा दिसत असला, तरी ते एका मुळापासून आलेले नाहीत. ‘आई’, ‘माप’, ‘पलीकडे’, ‘खाण’ आणि ‘मद्य’ या अर्थांचे पाच स्वतंत्र ग्रीक शब्द आणि ‘भय’ या अर्थाचा एक लॅटिन शब्द रोमन लिपीत एकाच आरंभाखाली गोळा झाले आहेत. त्यामुळे पहिल्या काही अक्षरांवरून अर्थाचा अंदाज बांधणाऱ्या विद्यार्थ्याची या गटात हमखास फसगत होते. मराठीत हे शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले जात असल्याने येथे गुंता वेगळ्या तऱ्हेचा होतो: एका कुळातील शब्द दूर जातात आणि परक्या कुळांतील शब्द शेजारी येतात.

घाटकोपर स्थानकाच्या परिसरातील शब्द

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील घाटकोपर हे या शब्दगटाचे सोयीचे उदाहरण आहे. मध्य रेल्वेवर विद्याविहार व विक्रोळी यांच्या दरम्यान असलेल्या या स्थानकाला लागूनच वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर या मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेचे पूर्वेकडील अंतिम स्थानक आहे. ११.४ किलोमीटर लांबीची व १२ स्थानकांची ही मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. मेट्रोतून उतरलेला प्रवासी खाली येऊन एक तर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो किंवा मीटरची रिक्षा करतो. मेट्रोच्या पुढील मार्गिका उभारण्याचे काम ज्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, त्याच्या इंग्रजी नावात ‘मेट्रोपॉलिटन’ हा शब्द येतो. घाटकोपर पूर्वेला महानगरपालिकेचे राजावाडी रुग्णालय आहे. रुग्णालयाशी संबंधित ‘मॅटर्निटी’ आणि ‘मेट्रन’ (मराठी बोलण्यात ‘मेट्रन बाई’) हे शब्द जुन्या पिढीच्या तोंडी सर्रास असत. शाळा-कॉलेजांतून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात आणि कार्यालयांतून बायोमेट्रिक हजेरी लागते.

या शब्दांपैकी मेट्रो, मेट्रोपॉलिटन, मॅटर्निटी, मेट्रन आणि मॅट्रिक हे ‘आई’च्या बाजूचे आहेत. मीटर, किलोमीटर व बायोमेट्रिक हे ‘माप’ या बाजूचे आहेत. केवळ लेखनावरून ही विभागणी करता येत नाही. मॅटर्निटी, मेट्रन आणि मॅट्रिक यांच्या रोमन लेखनात तर दुसरे अक्षर ‘ई’ नसून ‘ए’ आहे, कारण ते ग्रीकमधून न येता लॅटिनमधून आले आहेत. तरीही नात्याने तेच मेट्रोच्या जवळचे ठरतात. मेट्रोशी पहिली चार अक्षरे जुळणारा ‘मेट्रिक’ मात्र तिचा कोणीच लागत नाही.

आई: मेट्रोपोलिस, मेट्रोपॉलिटन, मेट्रो

ग्रीक भाषेत ‘मेतेर’ म्हणजे आई आणि ‘पोलिस’ म्हणजे नगर. संस्कृतातील ‘मातृ’, लॅटिनमधील ‘मातेर’ आणि इंग्रजीतील ‘मदर’ ही ‘मेतेर’ची भावंडे आहेत. ‘पोलिस’चे नाते संस्कृतातील ‘पुर’, ‘पुरी’ यांच्याशी सांगितले जाते. तेव्हा मेट्रोपोलिसचा शब्दशः संस्कृत प्रतिशब्द करायचा झाल्यास तो ‘मातृपुरी’ होईल. प्राचीन ग्रीसमध्ये ज्या नगरातून लोक समुद्रापार जाऊन नवी वसाहत वसवीत, त्या मूळ नगराला त्या वसाहतीचे मेट्रोपोलिस म्हणत. सिसिलीतील सिराक्यूज ही कॉरिंथची वसाहत होती, म्हणून कॉरिंथ हे तिचे मेट्रोपोलिस. नगराच्या आकाराचा या मूळ अर्थाशी संबंध नव्हता. पुढे ख्रिस्ती धर्मव्यवस्थेत प्रांताच्या मुख्य नगरातील धर्माधिकाऱ्याला मेट्रोपॉलिटन म्हटले जाऊ लागले, आणि त्यानंतर कोणत्याही मोठ्या, प्रधान शहरासाठी हा शब्द रूढ झाला.

मराठीत मेट्रोपॉलिटनसाठी ‘महानगर’ हा शब्द स्थिरावला आहे. तो अचूक आहे, पण तो आजच्या अर्थाचा अनुवाद आहे. त्यात आई नाही. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीत महानगर क्षेत्राची व्याख्या दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या आधारे केली आहे, म्हणजे तेथेही कसोटी आकाराचीच आहे. मुंबईपुरती आणखी एक छटा लक्षात घेण्याजोगी आहे. ‘बृहन्मुंबई’ या नावातील ‘बृहत्’ हा इंग्रजी ‘ग्रेटर’चा प्रतिशब्द आहे, मेट्रोपॉलिटनचा नव्हे. १९५० मध्ये घाटकोपरसह लगतची उपनगरे शहराच्या महानगरपालिकेत आली, ती या बृहत् मुंबईत. मुंबई महानगर प्रदेश हा ठाणे, कल्याण, पनवेल अशा शहरांना सामावणारा त्याहून बराच मोठा भूभाग आहे. घाटकोपर दोन्हींत मोडते, म्हणून ही दोन नावे समानार्थी समजण्याची चूक येथे सहज घडते.

‘मेट्रो’ हे छोटे रूप रेल्वेमुळे जगभर गेले. लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झालेल्या जगातील पहिल्या भुयारी नागरी रेल्वेचे नाव ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे’ असे होते. पॅरिसमधील भुयारी रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली. तिच्या कंपनीच्या लांबलचक नावातील ‘मेट्रोपॉलितँ’ या शब्दाचे लोकांनी ‘मेत्रो’ केले आणि तेच रूप पुढे मॉस्कोपासून कोलकात्यापर्यंत पोहोचले. भारतातील पहिली मेट्रो कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. शब्द असा तोडला गेला की त्यातील नगर गळाले आणि आई तेवढी उरली. मुंबईकरांना मात्र रेल्वेच्या कितीतरी आधी हा शब्द चित्रपटगृहामुळे ठाऊक झाला होता. धोबी तलावाजवळचे ‘मेट्रो’ १९३८ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी चित्रपट कंपनीने उभारले. आजही दक्षिण मुंबईत ‘मेट्रोला उतरायचे’ म्हणणाऱ्या जुन्या मुंबईकराच्या मनात गाडी नसते, तो चौक असतो.

वैद्यकशास्त्रात याच मुळाची आणखी एक शाखा आहे. ‘मेतेर’पासून ग्रीकमध्ये ‘मेत्रा’ म्हणजे गर्भाशय हा शब्द बनला. गर्भाशयाच्या आतील अस्तराला एंडोमेट्रिअम म्हणतात, तर पाळीव्यतिरिक्त होणाऱ्या गर्भाशयातील रक्तस्रावाला मेट्रोऱ्हेजिया ही संज्ञा वापरली गेली आहे. परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणारा विद्यार्थी ‘मेट्रो’ पाहून शहराकडे किंवा ‘मेट्रि’ पाहून मापाकडे वळला, तर या संज्ञा त्याला कधीच उलगडणार नाहीत.

माप: मीटर, मेट्रिक, मेट्रॉलॉजी

‘मेत्रोन’ म्हणजे माप किंवा मापाचे साधन. इंग्रजीत या मुळाचा सर्वांत जुना वापर अंतरासाठी नसून कवितेसाठी आहे. काव्याचे वृत्त या अर्थी ‘मीटर’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतही होता. अंतराचे एकक म्हणून तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात आला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर, असे ठरवून फ्रान्सने १७९५ मध्ये दशमान मापांचा कायदा केला. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे: निर्वात पोकळीत प्रकाश १/२९,९७,९२,४५८ सेकंदात जेवढे अंतर कापतो, ते एक मीटर.

भारतात वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ मध्ये झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर, मण, वार ही मापे बाजारातून हळूहळू मागे पडली, भाषेतून मात्र गेली नाहीत. कापड मीटरवर विकले जाऊ लागून सहा दशके उलटली, तरी लुगडे अजून नऊवारीच आहे. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर धरल्यास ते सुमारे सव्वाआठ मीटर भरते.

ब्रिटिश इंग्रजीत अंतराचा मीटर ‘आर-ई’ या अक्षरांनी संपतो आणि मोजणारे यंत्र ‘ई-आर’ या अक्षरांनी. अमेरिकी इंग्रजीत दोन्हींचे लेखन ‘ई-आर’ असेच होते. मराठीने हा भेद ठेवलेला नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. विजेचा मीटर, पाण्याचा मीटर, रिक्षाचा मीटर आणि शंभर मीटरची शर्यत हे सारे एकाच लेखनाने चालतात. ‘मीटर डाऊन करणे’ हा मुंबईतील प्रयोग जुन्या यांत्रिक मीटरवरील पट्टी खाली पाडण्यावरून आला. आता मीटर इलेक्ट्रॉनिक झाले, पट्टी गेली, पण शब्दप्रयोग टिकून आहे. ‘टॅक्सी’ हा शब्दही मुळात ‘टॅक्सीमीटर’चा पूर्वार्ध आहे. तेथे भाडे दाखविणाऱ्या यंत्राचे नाव वाहनाला मिळाले आणि त्यातील मीटर तेवढा गळून पडला.

रिक्षाचा मीटर, दुकानातील वजनकाटा आणि पेट्रोलपंपावरील मापयंत्र यांची पडताळणी व मुद्रांकन ज्या कायद्याखाली होते, तो वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९. याच्या इंग्रजी नावात ‘मेट्रॉलॉजी’ म्हणजे मापनशास्त्र हा शब्द आहे. हवामानशास्त्राला इंग्रजीत ‘मिटिऑरॉलॉजी’ म्हणतात. लिहिताना या दोन शब्दांत केवळ ‘ई’ आणि ‘ओ’ या दोन अक्षरांचा फरक पडतो, त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या शब्दसंग्रहात ही जोडी वारंवार दिसते. मराठीत ‘मापनशास्त्र’ आणि ‘हवामानशास्त्र’ यांत असा गोंधळ संभवत नाही.

मातृ आणि मात्रा

मूळ ग्रीक लेखनात ‘आई’ आणि ‘माप’ यांची गल्लत होत नसे. ‘मेतेर’मधील ‘ए’ दीर्घ असून तो ‘ईटा’ या अक्षराने लिहिला जाई. ‘मेत्रोन’मधील ‘ए’ ऱ्हस्व असून त्यासाठी ‘एप्सिलॉन’ हे वेगळे अक्षर होते. रोमन लिपीत दोन्हींसाठी एकच ‘ई’ वापरला गेला आणि भेद पुसला गेला. मराठी लेखनातही ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’साठी स्वतंत्र चिन्हे नसल्याने दोन्ही ‘मे’ असेच लिहावे लागतात.

हीच जवळीक संस्कृतातही आहे. ‘मातृ’ म्हणजे आई आणि ‘मात्रा’ म्हणजे माप. ‘मात्रा’ हा शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आला असून ग्रीक ‘मेत्रोन’चे नातेही बहुतेक कोशकार या मुळाशी जोडतात. औषधाची मात्रा, अक्षरावरची मात्रा आणि मात्रावृत्तातील मात्रा ही तिन्ही मापेच आहेत. काव्याच्या वृत्ताला ग्रीकांनी ‘माप’ म्हटले आणि मराठी छंदःशास्त्रानेही मात्रा मोजूनच वृत्ते लावली. शालेय गणितात हे साम्य अधिक ठळक होते. जिऑमेट्रीसाठी ‘भूमिती’ आणि ट्रिगनॉमेट्रीसाठी ‘त्रिकोणमिती’ हे शब्द घडविले गेले, त्यांतील ‘मिती’ त्याच ‘मा’ धातूची आहे. ‘परिमिती’ आणि ‘पेरिमीटर’ या जोडीत तर दोन्ही घटक एकमेकांचे आप्त आहेत: ‘परि’ आणि ‘पेरि’ म्हणजे सभोवार, ‘मिती’ आणि ‘मीटर’ म्हणजे माप. परिमिती ही संज्ञा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला पेरिमीटर वेगळा पाठ करावा लागू नये.

देवनागरी लेखनातील खरी अडचण ‘मेट्रिक’ आणि ‘मॅट्रिक’ या जोडीत आहे. मेट्रिक टन, मेट्रिक पद्धती यांतील मेट्रिक हे माप आहे. मॅट्रिक हे ‘मॅट्रिक्युलेशन’चे लघुरूप असून त्याचा उगम नोंदवही या अर्थाच्या ‘मात्रिकुला’ या लॅटिन शब्दात आहे. तो ‘मात्रिक्स’चे लघुत्वदर्शक रूप आहे आणि ‘मात्रिक्स’ आला ‘मातेर’ म्हणजे आईपासून. विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे म्हणजे मॅट्रिक होणे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ती परीक्षा नावानिशी कधीच गेली, पण शासकीय शिष्यवृत्त्यांच्या ‘मॅट्रिकपूर्व’ आणि ‘मॅट्रिकोत्तर’ या नावांत ती शिल्लक आहे. एका अर्धचंद्राच्या फरकाने येथे माप आणि आई वेगळे होतात, आणि घाईने लिहिलेल्या अर्जांत ‘मेट्रिकोत्तर’ असे लेखन आढळते.

मेटा: पलीकडे, नंतर, बदल

‘मेता’ हे ग्रीकमधील शब्दयोगी अव्यय असून त्याला ‘सह’, ‘नंतर’, ‘पलीकडे’ असे संदर्भानुसार बदलणारे अर्थ आहेत. समासात ते पुष्कळदा बदल किंवा स्थलांतर सुचवते. वरील दोन मुळांपेक्षा हे वेगळे आहे, कारण हा खरा उपसर्ग आहे. मेटाफर म्हणजे एकीकडून दुसरीकडे वाहून नेणे. अर्थ एका वस्तूवरून दुसरीवर नेला जातो म्हणून रूपक. आजच्या ग्रीक भाषेत वाहतुकीलाही हाच शब्द वापरतात. मेटामॉर्फोसिस म्हणजे रूपांतरण, आणि रूपांतरित खडकाच्या इंग्रजी नावातही हाच उपसर्ग आहे. मेटाबॉलिझमसाठी मराठीने वेगळी वाट घेतली. ‘मेटा’चे भाषांतर न करता, शरीरात होणाऱ्या जुळणी आणि मोडणी या दोन क्रियांची नावे जोडून ‘चयापचय’ हा शब्द केला. विद्यार्थ्याला प्रक्रिया समजण्याच्या दृष्टीने तो मूळ शब्दापेक्षा उजवा आहे.

मेटाफिजिक्स या शब्दाचा जन्म ग्रंथांच्या मांडणीतून झाला, असे सामान्यतः मानले जाते. ॲरिस्टॉटलच्या लेखनाचे संपादन करताना भौतिकीवरील ग्रंथांच्या ‘नंतर’ ठेवलेल्या ग्रंथांना हे नाव पडले. भौतिकाच्या ‘पलीकडचे’ हा अर्थ मागाहून आला. मेटाडेटा म्हणजे विदेविषयीची विदा यासारख्या शब्दांतील ‘स्वतःविषयीचे’ हा अर्थ त्याहून अलीकडचा आहे. फेसबुक कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मेटा’ हे नाव घेतल्यापासून हा उपसर्ग स्वतंत्र शब्दाप्रमाणेही ऐकू येतो.

पुढे स्वर आल्यास ‘मेटा’मधील शेवटचा ‘आ’ गळतो आणि उपसर्ग ओळखू येईनासा होतो. मेथडमध्ये ‘मेता’ आणि ‘होदोस’ म्हणजे मार्ग हे दोन शब्द आहेत; एखाद्या गोष्टीच्या मागे योग्य वाटेने जाणे म्हणजे पद्धत. मिटिऑर हा शब्द ‘मेता’ आणि ‘उचलणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनला. त्याचा मूळ अर्थ आकाशात उंचावर घडणारी कोणतीही घटना असा होता. त्यात पाऊस, गारा, वीज आणि उल्का सारेच आले. पुढे मिटिऑरचा अर्थ उल्केपुरता आकसला, पण मिटिऑरॉलॉजीने जुना विस्तार राखला. म्हणून १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी नावात उल्का दिसत असली, तरी कुलाबा आणि सांताक्रूझ येथील त्याच्या वेधशाळा पाऊस व तापमान मोजतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशनीच्या आघाताने बनले आहे. त्या अशनीचा अभ्यास मात्र मिटिऑरॉलॉजीच्या कक्षेत येत नाही, त्याला ‘मिटिऑरिटिक्स’ असे वेगळे नाव आहे.

इतर मुळे

मेटल हा शब्द खाण या अर्थाच्या ‘मेताल्लोन’पासून आला. आधी खाण, मग खाणीतून निघणारा पदार्थ, मग धातू असा त्याचा प्रवास झाला. रस्त्याच्या कामात खडीला इंग्रजीत ‘रोड मेटल’ म्हणतात, त्यात धातूचा अंशही नसतो. तेथे खाणीतून काढलेला दगड हा जुना अर्थ जिवंत आहे.

मिथेन, मिथाईल आणि मिथेनॉल यांचा उगम ‘मेथु’ म्हणजे मद्य आणि ‘हुले’ म्हणजे लाकूड या दोन शब्दांत आहे. लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या द्रवाला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३४ मध्ये या शब्दांवरून नाव दिले. ‘मेथु’ हा संस्कृत ‘मधु’चा आणि म्हणून मराठी ‘मध’चा भाऊबंद आहे. नावात मध असला तरी मिथेनॉल हे विष आहे. पिण्याच्या मद्यात असते ते इथेनॉल. रोमन लिपीत दोन्हींमध्ये आरंभीच्या एका ‘एम’चाच फरक आहे. मुंबईच्या मालाड–मालवणी भागात जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक लोक मरण पावले. रंग आणि वासावरून हे दोन द्रव सामान्य माणसाला वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे पिंपावरील नाव नीट वाचणे हीच तेथे पहिली खबरदारी ठरते.

आरंभावरून अर्थ ओळखण्याविषयी

मराठी विद्यार्थी व्याकरणात उपसर्ग शिकतो. आहार, विहार, संहार, प्रहार यांत मूळ एक आणि उपसर्ग वेगळे, ही गोष्ट त्याला ठाऊक असते. पण आरंभीचे प्रत्येक सारखे अक्षर उपसर्ग नसते, हे मराठीतही खरे आहे. ‘प्रकाश’ आणि ‘प्रगती’ यांत ‘प्र’ हा उपसर्ग आहे. ‘प्रश्न’ या शब्दात तो नाही, तेथे ‘प्रच्छ्’ म्हणजे विचारणे हा धातू आहे. इंग्रजी शब्दाच्या बाबतीत उपयोगी पडतो तो उत्तरार्ध. मेट्रोपोलिस, मेट्रॉलॉजी, मेट्रोनोम (संगीतातील लय ठोक्यांनी दाखविणारे यंत्र) आणि मेट्रोऱ्हेजिया या चारही शब्दांची पहिली पाच अक्षरे एकच आहेत. त्यांच्यापुढे नगर, शास्त्र, नियम किंवा रक्तस्राव यांपैकी काय येते ते पाहिल्यावरच आधीचे ‘मेट्रो’ आईचे की मापाचे हे ठरते.

उत्तरार्धाचीही मदत होत नाही असा या गटातील शब्द म्हणजे ‘मेटिक्युलस’. तो लॅटिनमधील ‘मेतुस’ म्हणजे भय यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ भित्रा, भयभीत असा होता. एकोणिसाव्या शतकात तो क्षुल्लक तपशिलांबाबत अतिदक्ष असणाऱ्या, म्हणजे चूक होईल या धास्तीने वागणाऱ्या माणसासाठी वापरला जाऊ लागला, आणि तेव्हा त्यात टीकेचा सूर होता. आज इंग्रजीत तो स्तुतीदाखल येतो आणि मराठीत त्याचा अर्थ ‘काटेकोर’ असा दिला जातो.